उभ्या व्हॅनचे इंजिन जलद फिरत असल्यास

सोलापूर जिल्ह्यात डाळिंब, कांदा व भाजीपाला बाजारात नेण्यासाठी अनेक शेतकरी जुनी पेट्रोल व्हॅन वापरतात. १९८४ साली आलेल्या व पुढे ओम्नी या नावाने परिचित झालेल्या मारुती व्हॅनचे उत्पादन २०१९ साली थांबले. तथापि तिच्या इंधन-फवारणीच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. अशा गाडीचे तापलेले इंजिन, ॲक्सिलरेटरवर पाय नसताही, रेस घेत राहिल्यास पेट्रोल व्यर्थ जळते. शिवाय बाजाराच्या गर्दीत गाडी पुढे ओढ घेते व अपघाताचे भय असते.

थंड इंजिन प्रथम काही मिनिटे जलद फिरणे हा दोष नव्हे. तापल्यावर मात्र वेग मिनिटास साधारणतः ७०० ते ९०० फेऱ्यांवर उतरला पाहिजे. न उतरल्यास दोनच मुख्य कारणे संभवतात : जादा हवा आत शिरत आहे, अथवा 'इंजिन अद्याप थंड आहे' असा चुकीचा निरोप नियंत्रकास मिळत आहे. थ्रॉटलचा स्क्रू कारखान्यात बसविलेला असतो. तो फिरविल्याने दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

तपासणी मोकळ्या जागेत करावी. बंद खोलीत धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. इंजिन पुढील आसनाखाली असल्याने आसन उचलावे.

१. तार : इंजिन बंद असता ॲक्सिलरेटरची तार किंचित सैल आहे काय व थ्रॉटल पूर्ण मिटतो काय, हे पाहावे. पायाखालची चटई पेडलवर अडकलेली नसावी.

२. रबरी नळ्या : उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने रबर तडकते. सीं-सीं असा आवाज हवेच्या गळतीची खूण होय. ब्रेकच्या नळीत गळती असल्यास ब्रेकही जड होतो. ती प्रथम बदलावी. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा रॉकेल कदापि शिंपडू नये.

३. मंदगतीची झडप : थ्रॉटलच्या तोंडाशी हिच्या हवेचे छिद्र असते. इंजिन चालू असता मिस्त्रीकडून ते क्षणभर झाकून घ्यावे. वेग उतरला नाही, तर हवा अन्य ठिकाणाहून येत आहे. उतरला, तर झडप काजळीने उघडी अडकली असावी, किंवा नियंत्रकच ती उघडी ठेवीत असावा. काजळी थ्रॉटलसाठी मिळणाऱ्या द्रावणानेच काढावी. पॉलिशपेपर वापरू नये.

४. पाणी व सेन्सर : झडप स्वच्छ असूनही दोष राहिल्यास इकडे वळावे. रेडिएटरमधील पाणी कमी झाल्यास उष्णतेचा सेन्सर उघडा पडून चुकीचा निरोप देतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आत खर बसते. म्हणून कंपनीने सांगितलेले कूलंटच घालावे. उन्हाळ्याच्या भीतीने काही जण थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यामुळे इंजिन पुरेसे तापत नाही, नियंत्रक त्यास थंड समजतो व पेट्रोल अधिक सोडतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. सेन्सरच्या तारांचे जोडही घट्ट व स्वच्छ असावेत.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा क्रम गावातील वाहनधारकांस समजावून द्यावा. तार, नळी व पाणी पाहण्यास पैसा लागत नाही. म्हणून नवा भाग विकत घेण्यापूर्वी या तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात.