चाळिशीनंतर उतरलेला नट

नांदगाव पेठ

चि. बाळास,

परवाची एकांकिका संपल्यावर तू म्हणालास, एमआयडीसीतली नोकरी सोडतो आणि मुंबई गाठतो. तेव्हापासून तुझ्या आईचे या मामाला चार फोन झाले. तिला उत्तर देण्याआधी तुला एका डॉक्टरची हकीकत सांगितलेली बरी.

डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १९२७ सालचा, साताऱ्याचा. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजात असताना नाटकाचा नाद लागला आणि भालबा केळकरांच्या मंडळींबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये हौशी नाटकं सुरू झाली. पुढे ते कान-नाक-घशाचे सर्जन झाले. पुण्यात दवाखाना थाटला, टांझानियातही डॉक्टरकी केली. १९६९ साली वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी उलटली होती.

तू म्हणशील, पाहा, त्यांनीही सोडलीच की! सोडली. पण त्याआधी जवळपास दोन दशकं पोट एका धंद्यावर आणि जीव दुसऱ्यावर ठेवून त्यांनी तालमी केल्या. तुझ्या तालमी मोजल्या तर अकरा भरतील, त्यातल्या दोन पावसानं बुडाल्या.

लगेच पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, शिरवाडकरांचं 'नटसम्राट' आलं. गणपतराव बेलवलकर हा थकलेला, निवृत्त नट. तो उभा करणारे लागू जेमतेम त्रेचाळीस वर्षांचे. नाटक बसवलं होतं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. मुंबईला गेल्याशिवाय नाटक कळत नाही, असं वाटत असेल तर एवढं लक्षात असू दे.

त्याच सुमाराचं तेंडुलकरांचं 'गिधाडे' त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलं. सेन्सॉरनं त्यातल्या एका स्त्रीपात्राच्या साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली. लागूंनी डाग निळा केला, आणि पडदा उघडण्याआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की हा निळा डाग लाल समजावा. हुकूम पाळला आणि नाटकही वाचवलं. दिग्दर्शकाला असली तल्लख बुद्धी लागते, नुसता तावातावानं भांडणारा लवकर थकतो.

मग सिनेमा. 'पिंजरा' १९७२ चा. जब्बार पटेलांच्या 'सामना'त निळू फुल्यांसमोर त्यांनी रंगवलेला मास्तर आजही जुना वाटत नाही. तो चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. 'घरौंदा'साठी फिल्मफेअर मिळालं, अॅटनबरोच्या 'गांधी'त ते गोखले झाले, १९८० मध्ये 'झाकोळ'चं दिग्दर्शनही केलं. शंभराहून अधिक चित्रपट झाले. खरं सांगायचं तर हिंदीतल्या त्यांच्या कितीतरी भूमिका कोणाच्या लक्षात नाहीत. सिनेमानं नाव दिलं. मामाच्या मते त्यांचं खरं घर रंगमंचच.

आता तुझ्याबद्दल. परवा मामा मुद्दाम शेवटच्या रांगेत बसला होता, पानठेल्याशेजारी. मागं महामार्गावर नागपूरकडे जाणारे ट्रक. माईक होता तोवर ठीक. तो बंद पडला आणि तुझ्या प्रत्येक वाक्याची शेपटी तुझ्याच घशात राहिली. 'मी तुला माफ' इथवर ऐकू आलं. केलं की नाही, कळलंच नाही. बाजूची म्हातारी विचारत होती, 'काय म्हन्ते थो?' रागाच्या प्रसंगात तू ओरडलास, ते मात्र पार बसथांब्यापर्यंत गेलं असेल. ओरडणं आणि पोहोचणं यातला फरक आधी घशाला शिकव.

नोकरी सोडू नको. शिफ्ट सांभाळ, संध्याकाळी तालीम कर. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी अमरावतीला होते. या वर्षी तिथं उतर, भूमिका नाही मिळाली तर पडदा ओढायला उतर.

रविवारी सुट्टी असेल तर ये. 'नटसम्राट'ची प्रत मामाकडे आहे. तू अंगणात उभं राहून पहिला अंक वाचायचा, मामा मागच्या परसात बसेल. वाक्यं शेवटपर्यंत ऐकू आली, तर तुझ्या आईशी बोलायचं काम मामाकडे लागलं.

तुझा मामा