गावाचे दप्तर

मुलांनो, दप्तर हा शब्द तुमच्या नित्य परिचयाचा आहे. पुस्तके आणि वह्या ज्या पिशवीत घालून तुम्ही शाळेत येता, तिला तुम्ही दप्तर म्हणता. परंतु हा शब्द फारसीतून मराठीत आला, तेव्हा त्याचा अर्थ निराळा होता. दप्तर म्हणजे नोंदींच्या वह्या, हिशेबाचे आणि लिखापढीचे कागद. पूर्वी असे कागद कापडात गुंडाळून बांधीत व त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. पेशव्यांच्या कारभाराचे असे हजारो रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांच्या आधाराने अभ्यासक त्या काळचा इतिहास लिहितात.

राजाचे दप्तर असते, सरकारचे दप्तर असते. पण ज्यांच्या हाती कधी राज्य नव्हते, त्यांचे दप्तर कोणी ठेवावयाचे? शेतात राबणारा शेतकरी, कारखान्यातील कामगार, शिक्षणासाठी झगडणाऱ्या स्त्रिया, अन्यायाविरुद्ध उभे राहिलेले लहान गावांतील लोक, यांनीही इतिहास घडविला आहे. त्यांच्या सभा झाल्या, संस्था निघाल्या, चळवळी झाल्या. त्या सर्वांची आठवण कोठे राहते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण बुलढाणा जिल्ह्यातील खामगावापासून आरंभ करू.

खामगाव हे वऱ्हाडातील कापसाचे जुने आणि नामांकित बाजारपेठेचे गाव. भोवतीची काळी जमीन कपाशीला मानवणारी. हा कापूस बाहेर नेणे सोयीचे व्हावे म्हणून जलंबपासून खामगावापर्यंत रेल्वेचा एक छोटा फाटा काढण्यात आला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो सुरू झाला. एवढा मोठा अधिकारी आला, तेव्हा त्या प्रसंगाची नोंद सरकारी कागदांत आणि इंग्रजी ग्रंथांत होणारच. परंतु तो कापूस कडक उन्हात ज्यांनी वेचला, त्या मजूर स्त्रियांची नावे त्या ग्रंथांत नाहीत. रुईच्या गासड्या ज्यांनी पाठीवर वाहिल्या, त्या हमालांचीही नाहीत. लिहिणाऱ्याची दृष्टी जेथवर पोचते, तेथवरच लेखणी पोचते.

वऱ्हाडातील कापूस आगगाडीने मुंबईस जाई आणि तेथील गिरण्यांत त्याचे सूत निघे. त्या गिरण्यांतील कामगार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत. त्यांना आठवड्याची सुट्टीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना एकत्र केले. १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून त्यांनी एक अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, पगार वेळेवर व्हावा, अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. त्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. पुढे १८९० साली त्यांना रविवारची सुट्टी मिळाली.

हा अर्ज सरकारी चौकशी समितीपुढे गेला, म्हणून तो आज आपणांस ठाऊक आहे. पण कामगारांच्या या संघाविषयी एका सरकारी अहवालात काय लिहिले आहे, पाहा. या संघाजवळ सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत, असा त्यातील शेरा आहे. हजारो माणसांना एकत्र आणणाऱ्या संघाची ही सरकारी ओळख! कामगारांच्या बाजूने बोलणारे 'दीनबंधु' हे पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी सुरू केले होते आणि पुढे लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. परंतु त्याचे सगळे अंक आज एकत्र मिळत नाहीत. मिळाले असते, तर त्या सरकारी शेऱ्याशेजारी कामगारांची स्वतःची बाजूही आपण ठेवून पाहिली असती. एकाच पक्षाचे कागद उरले, म्हणजे त्याच पक्षाचा इतिहास उरतो.

आता आपण पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. बुलढाणा येथे बापूजी हरी शिंदे नावाचे गृहस्थ सरकारी कचेरीत नोकरीस होते. त्यांनी आपली कन्या ताराबाई हिला घरी शिकविले. मुलींनी अक्षर गिरविणे हीच जेथे नवलाची गोष्ट होती, त्या काळातील ही हकीकत आहे. १८८१ साली सुरत येथे एका अभागी तरुण विधवेवर खटला झाला. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. ताराबाईंना ते सहन झाले नाही. त्यांनी लेखणी उचलली आणि 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिले. स्त्रियांवर जे दोष लादले जातात, तेच पुरुषांच्या ठिकाणी नसतात काय, असा रोखठोक प्रश्न त्यांनी त्यात विचारला. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात या पुस्तकाच्या ५०० प्रती छापण्यात आल्या. किंमत होती ९ आणे.

पुस्तक निघाले, पण समाजाला ते रुचले नाही. ताराबाईंवर टीका झाली. अशा वेळी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात ताराबाईंची बाजू घेतली. सत्यशोधक समाजाचे संस्थापक असलेल्या जोतीरावांच्या शब्दाला वजन होते. तरीही हळूहळू ते पुस्तक विस्मृतीत गेले. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. वर्षे गेली, पिढ्या गेल्या. मराठी स्त्रियांनी काय काय लिहिले हे सांगताना ताराबाईंचे नाव कोणाच्या ओठी येईनासे झाले.

अखेर १९७५ साली, म्हणजे पुस्तक प्रथम निघाल्यानंतर ९३ वर्षांनी, डॉ. स. गं. मालशे या अभ्यासकांनी ते पुन्हा छापून प्रसिद्ध केले. ते वाचून लोक चकित झाले. इतक्या जुन्या काळी, बुलढाण्यासारख्या लहान गावी बसून, एका स्त्रीने इतके परखड लिहिले होते! पुढे १९९४ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि ताराबाईंचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचले.

क्षणभर विचार करा. त्या ५०० प्रतींपैकी एकही प्रत कोणी जपली नसती तर? एखाद्या कपाटात ती वाळवीने खाल्ली असती किंवा रद्दीत गेली असती तर? ताराबाईंनी कितीही धैर्य दाखविले असते, तरी आपणांस त्याचा पत्ता लागला नसता. पुस्तक वाचले, म्हणून विचार वाचला. मात्र ताराबाईंच्या आयुष्याविषयीचे कागद फारसे उरले नाहीत. म्हणून ज्या बाईचे विचार आपणांस इतके स्पष्ट दिसतात, तिचा जीवनक्रम मात्र तुटक तुटक समजतो. जपलेल्या कागदाची किंमत आणि हरवलेल्या कागदाची हानी, या दोन्ही गोष्टी या एकाच उदाहरणात दिसून येतात.

बुलढाणा जिल्ह्याने अशी हानी थोपविण्याचेही काम केले आहे. जोतीराव १८९० साली निवर्तले. त्यानंतर ३७ वर्षांनी, १९२७ साली, पंढरीनाथ सीताराम पाटील या सत्यशोधक कार्यकर्त्याने लिहिलेले त्यांचे चरित्र याच जिल्ह्यातील चिखली येथून प्रसिद्ध झाले. आणखी पुष्कळ काळ लोटला असता, तर जुन्या आठवणी सांगणारी माणसे आणि जुने कागद दोन्ही नाहीसे झाले असते. जोतीरावांचेच 'तृतीय रत्न' हे नाटक पाहा. ते १८५५ साली लिहिले गेले, पण त्या वेळी छापले गेले नाही. हस्तलिखित टिकले, म्हणूनच ते १९७९ साली छापून वाचकांच्या हाती पडू शकले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखनाचा व भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. एका थोर चळवळीचे दप्तर जपणे हे शासनाचेही कर्तव्य आहे, ही जाणीव त्यातून दिसते.

असे कागद जेथे पद्धतशीर ठेवले जातात, त्या स्थानाला अभिलेखागार म्हणतात. मुंबईचे सरकारी दप्तर १८२१ सालापासून चालत आले आहे. अभिलेखागार हे ग्रंथालयाहून निराळे असते. ग्रंथालयातील पुस्तकाच्या पुष्कळ प्रती असतात; एक हरवली तर दुसरी आणता येते. परंतु सभेच्या इतिवृत्ताची वही जगात एकच असते. ती गेली, की गेलीच. म्हणून तेथे वाळवी, दमट हवा आणि कडक ऊन यांपासून कागद सांभाळतात. कोणता कागद कोणाकडून आला याची नोंद ठेवतात. कागद ज्या क्रमाने आले, तो क्रम सहसा मोडत नाहीत. कारण कागदाशेजारी कोणता कागद होता, यावरूनही पुष्कळ गोष्टी उलगडतात.

परंतु सर्वच कागद मुंबईपुण्याच्या अभिलेखागारांत जाऊन पोचत नाहीत. त्यांतील पुष्कळसे आपल्या गावातच असतात. खामगावाकडेच पाहा. स्वातंत्र्याच्या चळवळीत मुलांना स्वदेशाभिमानाचे शिक्षण देण्यासाठी देशभर राष्ट्रीय शाळा निघाल्या. खामगावचे टिळक राष्ट्रीय विद्यालय त्यांपैकीच एक. अशा शाळांची हजेरीपत्रके, देणगीच्या पावत्या, समारंभांच्या निमंत्रणपत्रिका यांत त्या काळाचा इतिहास साठलेला असतो. त्याचप्रमाणे सहकारी संस्था, वाचनालय, हमालांची संघटना, भजनी मंडळ, महिला मंडळ, व्यायामशाळा, यांच्याही वह्या असतात. कोणी चार आणे वर्गणी दिली, कोणी सभेला जागा दिली, कोणत्या ठरावाला कोणी विरोध केला, हे त्या वह्यांत लिहिलेले असते. त्या वेळी लिहिणाऱ्याला ती किरकोळ नोंद वाटते. पन्नास वर्षांनी तीच नोंद गावाचा इतिहास सांगू लागते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जुना कागद आहे म्हणून त्यातील प्रत्येक गोष्ट खरी असेलच असे नाही. संस्थेचा अहवाल संस्थेचे गुण सांगतो. विरोधकाचे पत्रक तिचे दोष सांगते. पोलिसांच्या नोंदीला तिसरेच काही दिसते. शहाणा अभ्यासक हे तिन्ही कागद शेजारी ठेवतो, वयोवृद्ध माणसांना विचारतो आणि मगच आपले मत बनवितो. म्हणूनच आपल्याला आवडणारे तेवढे कागद ठेवून बाकीचे फाडून टाकणे योग्य नाही. गावातील भांडणाचा कागदही जपावा. पुढच्या पिढीला तोही काही शिकवून जातो.

मुलांनो, हे काम केवळ मोठ्यांचे आहे असे समजू नका. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्यात पिवळी पडलेली पत्रके, जुनी छायाचित्रे, एखाद्या मंडळाची वही सापडते. ती रद्दीत देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, "आजोबा, हे काय आहे? आजी, या छायाचित्रात कोण कोण आहे?" मिळालेली माहिती, सांगणाराचे नाव आणि तारीख वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मूळ कागदावर शाईने लिहू नका. त्याला चिकटपट्टी लावू नका. तो कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. ज्याचा कागद असेल, त्याची परवानगी घेतल्याशिवाय तो कोणास दाखवू नका. कारण कागदांत माणसांच्या खाजगी गोष्टीही असतात.

ताराबाईंच्या पुस्तकाची प्रत जपताना आपण मोठे कार्य करीत आहो, असे जपणाऱ्याच्या कदाचित मनातही नसेल. त्याने ती टाकून दिली नाही, एवढेच. पण त्या एवढ्याशा गोष्टीने एका धैर्यशाली स्त्रीचा आवाज ९३ वर्षांनी पुन्हा ऐकू आला. तुमच्या पाठीवर रोज एक दप्तर असते. तुमच्या गावाचेही एक दप्तर आहे. ते कोठे कोठे विखुरले आहे याचा शोध घेणे आणि ते सांभाळून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हे काम आता तुमचे आहे.

शब्दार्थ

लिखापढी – लेखी व्यवहार
गासडी – दाबून बांधलेला कापसाचा गठ्ठा
शेरा – थोडक्यात लिहिलेले मत
परखड – स्पष्ट व निर्भीड
निवर्तणे – मृत्यू पावणे
इतिवृत्त – सभेत घडलेल्या कामकाजाची लेखी नोंद

अभ्यास

१. 'दप्तर' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? आज तो कोणत्या अर्थाने वापरतात?

२. कामगारांच्या संघाविषयीच्या सरकारी शेऱ्यावरून लेखकाने कोणता विचार मांडला आहे?

३. 'पुस्तक वाचले, म्हणून विचार वाचला.' या वाक्यात 'वाचणे' हे क्रियापद कोणत्या अर्थाने आले आहे? त्याच्या दुसऱ्या अर्थाचे एक वाक्य पाठातून शोधून काढा.

४. ग्रंथालय आणि अभिलेखागार यांतील फरक चार-पाच वाक्यांत सांगा.

५. जुन्या कागदावर एकदम विश्वास का ठेवू नये? कारणे द्या.

६. पुढील शब्दांची फोड करा : दोषारोप, ग्रंथालय, स्वदेशाभिमान.

७. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : विस्मृतीत जाणे, लेखणी उचलणे, शब्दाला वजन असणे.

८. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या संस्थेस शिक्षकांसमवेत भेट द्या. तिची स्थापना कोणी व कशासाठी केली, ते तेथील वह्या पाहून आणि जाणत्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.