पक्षी न बुजविता छायाचित्रण

आपल्या राज्यात पक्षिनिरीक्षणाची आवड अलीकडच्या काळात झपाट्याने वाढली आहे. पूर्वी दूरचे दृश्य टिपणारा कॅमेरा मोजक्या छांदिष्टांपाशीच असे. आता तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या हातीही दिसू लागला आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि, ज्या पक्ष्याचे सौंदर्य टिपावयाचे त्याच्याच जीवनक्रमात आपल्या उपस्थितीमुळे व्यत्यय येत असेल, तर त्या छायाचित्राचे मोल पक्ष्याला द्यावे लागते. म्हणूनच पक्ष्यांजवळ जावे कसे आणि थांबावे कोठे, याचे शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. जलाशयांच्या काठी वसलेल्या गावांचे पंचायत सदस्य, शाळांतील शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांनाही ही माहिती उपयुक्त ठरेल.

पक्षी का उडतो?

बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळविताही त्यांना सभोवतालचा फार मोठा भाग दिसतो. आपण त्यांच्या पाठीमागून येत आहोत, ही आपली समजूत बहुधा चुकीची असते. प्रत्येक पक्षी आगंतुकाला ठरावीक अंतरापर्यंतच सहन करतो. हे अंतर जातीनुसार, ऋतूनुसार आणि स्थळानुसार बदलते. गावतळ्यावर धुणे धुणाऱ्यांच्या शेजारी निर्धास्त वावरणारा बगळा निर्जन नदीपात्रात मात्र माणूस दुरून दिसताच उडून जातो. याउलट, नांगराच्या मागे किडे टिपीत फिरणारे गायबगळे शेतकऱ्याला मुळीच भीत नाहीत. जे नित्याचे आहे त्याची भीती नाही आणि जे अपरिचित व अनपेक्षित आहे त्याची भीती, असा हा साधा न्याय आहे.

उडण्यापूर्वी पक्षी पूर्वसूचना देतो. चरणे थांबते, मान उंच होते, पिसे अंगाशी घट्ट बसतात. टिटवी डोके खालीवर हलवू लागते आणि ओरडते. पाणपक्ष्यांचा थवा हळूहळू विरुद्ध दिशेला सरकू लागतो. यांपैकी एकही लक्षण दिसताच जागच्या जागी थांबावे. पक्षी पुन्हा चरू लागल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. तो स्वस्थ न झाल्यास चार पावले मागे यावे. हा एक नियम पाळला, तरी निम्म्याहून अधिक काम साधते.

जवळ जाण्याची रीत

पक्ष्याच्या रोखाने सरळ चालत जाऊ नये. श्वापद भक्ष्यावर चालून जाते ते सरळ रेषेत आणि नजर रोखून. म्हणून तिरकस दिशेने, मधूनमधून थांबत, पक्ष्याकडे टक लावून न पाहता पुढे सरकावे. उभ्या माणसापेक्षा बसलेला किंवा जमिनीलगत सरपटणारा माणूस पक्ष्याला कमी भीतिदायक वाटतो. शिवाय पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेले छायाचित्र अधिक सजीव येते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसणार नाही, याची दक्षता घ्यावी. त्यासाठी बांधाच्या माथ्यावरून न चालता त्याच्या कडेने जावे. कपडे मातकट, खाकी किंवा पाचोळ्याच्या रंगाचे असावेत. पांढरा सदरा आणि भडक टोपी घरीच ठेवावी.

सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत पक्षी अन्न शोधण्यात गर्क असतात आणि प्रकाशही सौम्य असतो. सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बेताने जागा निवडावी. उभे वाहन हाही एक उत्तम आडोसा आहे. माळरानावरील पक्षी पायी येणाऱ्या माणसाला बुजतात, पण रस्त्याच्या कडेला सावकाश येऊन थांबलेल्या मोटारीकडे बहुधा दुर्लक्ष करतात. अशा वेळी इंजिन बंद करून खिडकीतूनच छायाचित्र घ्यावे. दार उघडून खाली उतरू नये.

प्रतीक्षा हेच खरे कौशल्य

जवळ जाण्यापेक्षा पक्ष्यालाच जवळ येऊ देणे अधिक श्रेयस्कर होय. वेडा राघू हवेतला कीटक पकडून वारंवार त्याच फांदीवर किंवा तारेवर परततो. खंड्याच्याही पाण्यालगतच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात. अशी जागा दुरून हेरून ठेवावी आणि पक्षी नसताना जवळपास आडोशाला जाऊन बसावे. पक्षी आपणहून येतो.

यासाठी लपण उपयोगी पडते. बांबूचा सांगाडा, त्यावर मळकट कापड किंवा गोणपाट आणि पुढे कॅमेऱ्यापुरती फट, एवढे साहित्य पुरते. लपण प्रथम दूर उभारावे आणि पक्षी त्याला सरावतील तसतसे काही दिवसांत थोडे थोडे पुढे न्यावे. आत जाताना सोबत एक माणूस घ्यावा आणि तो थोड्या वेळाने परत जावा. माणूस निघून गेला असे समजून पक्षी निर्धास्त होतात, हा जुना अनुभव आहे. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाच्या पोकळ कातड्यात दडून पक्ष्यांची छायाचित्रे घेतली होती. आज ४०० ते ६०० मिलिमीटरची दूरदर्शी भिंगे आणि आवाज न करणारे कॅमेरे उपलब्ध असल्याने तितके जवळ जाण्याची गरजही उरलेली नाही.

घरटे : वर्ज्य क्षेत्र

विणीच्या हंगामातील छायाचित्रणाविषयी विशेष सांगणे अगत्याचे आहे. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांच्या मधोमध साधारणतः चार अंडी घालते. उन्हाळ्यात भर दुपारी ती अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंड्यांना गारवाही देते. जलाशयातील बेटांवर वीण करणारा नदी सुरयही तळपत्या वाळूतच अंडी घालतो. अशा पक्ष्याला छायाचित्रासाठी घरट्यावरून काही वेळ दूर ठेवले, तर अंड्यांतील जीव उन्हाने मरतो. छायाचित्रकाराला ते कळतही नाही, कारण अंडे बाहेरून जसेच्या तसेच दिसते.

झाडावरील घरट्यासमोरच्या फांद्या तोडणे हाही तितकाच घातक प्रकार आहे. त्यामुळे पिलांची सावली जाते आणि कावळ्यांना व घारींना घरटे उघडे पडते. भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची मोठी वसाहत असते. अशा वसाहतीत एकाच वेळी अनेक पक्षी उठले, तर पिले खाली पडण्याचा आणि अंडी पळविली जाण्याचा धोका संभवतो. याच कारणास्तव वसाहतीवर ड्रोन नेऊ नये. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नराला बोलावणेही गैरच होय. नसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा शोध घेण्यात त्याची शक्ती व्यर्थ जाते. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करू नये.

पक्षीही कधी प्रतिकार करतात. एरिक हॉस्किंग या विख्यात ब्रिटिश पक्षिछायाचित्रकाराला १९३७ साली घरट्याजवळ घुबडाने केलेल्या हल्ल्यात आपला डावा डोळा गमवावा लागला.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश होतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश द्यावयाचा तो अधिवासात बदल न करण्याच्या आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देण्याच्या अटीवर, असे २०२२ च्या सुधारणेने स्पष्ट केले आहे.

जलाशयाकाठच्या गावांसाठी

भीमा नदीवरील उजनी जलाशयात भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आणि अनेक जातींची बदके अशा पाणथळींवर हिवाळा काढतात. परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठविणे हे त्यांचे येथील मुख्य काम असते. प्रत्येक अनावश्यक उड्डाणाने चरण्याचा वेळ बुडतो आणि साठविलेली शक्ती खर्च होते. रोहितासारख्या जड पक्ष्याला तर उडण्यापूर्वी पाण्यावर धावावे लागते. उडत्या थव्याचे चित्र मिळावे म्हणून होडी थव्यावर नेण्याचा आग्रह काही पर्यटक धरतात. तो नावाड्याने नम्रपणे पण ठामपणे नाकारला पाहिजे. होडी दूरवरच संथ करावी, थव्याला वळसा घालून आडवी उभी करावी आणि माना उंचावताच थांबवावी. थवे वारंवार उठविले गेले, तर ते ती जागा सोडतात आणि त्याबरोबर नावाड्याची रोजीही जाते. हे ध्यानी घेऊन ग्रामपंचायतींनी वनविभागाच्या सल्ल्याने नावाडी व मार्गदर्शकांसाठी साधे नियम ठरवावेत आणि ते धक्क्यावर ठळकपणे लावावेत.

शिक्षकांना यासाठी एक चांगली संधी आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांच्या निमित्ताने राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ साजरा केला जातो. या सप्ताहात विद्यार्थ्यांना गावतळ्याच्या काठी अर्धा तास निःशब्द बसवावे. कोणता पक्षी किती अंतरावर सावध झाला आणि पुन्हा केव्हा चरू लागला, याची नोंद त्यांच्याकडून करून घ्यावी. त्यासाठी कॅमेऱ्याचीही आवश्यकता नाही.

छायाचित्रकार निघून गेल्यावरही पक्षी आपल्या जागी पूर्ववत चरत असावा, हीच चांगल्या पक्षिछायाचित्रणाची कसोटी होय. छायाचित्र हुकले तर उद्या पुन्हा मिळू शकते. हकनाक गेलेली वीण मात्र त्या वर्षी भरून निघेलच असे नाही. ही जाण गावोगाव रुजली, तर आपल्या पाणथळी आणि माळराने पुढील पिढ्यांसाठीही पक्ष्यांनी गजबजलेली राहतील.