द्रुत सुरू झाली की आवाज का फाटतो?

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या दीडशेएक एलपी आणि वीस-बावीस ७८च्या तबकड्या घरी आहेत. बहुतेक ख्याल, थोडं नाट्यसंगीत. गेल्या वर्षी नवा टर्नटेबल घेतला. त्यासोबत आलेल्या कार्ट्रिजवर विलंबित छान वाजतं. पण बाजू संपत आली, द्रुत बंदिश सुरू झाली की आवाज चरचरीत होतो, फाटतो. दुकानदार म्हणतात, ‘मूव्हिंग कॉइलच घ्या.’ मित्र म्हणतो, ‘नुसती सुई बदल.’ एका कार्ट्रिजमध्ये आणि दुसरीत नेमका फरक कशात असतो? आणि त्याच सुईवर ७८च्या तबकड्या वाजवल्या तर चालतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मित्राचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय रोगाचं निम्मं निदान तुम्ही प्रश्नातच केलं आहे : विलंबित छान वाजतं आणि द्रुत फाटते. कार्ट्रिज, म्हणजे सुई आणि तिच्या कंपनांची वीज करणारी बॉडी, सरसकट वाईट असती तर विलंबितही बिघडलं असतं. इथे बिघाड ठरावीक जागी येतो, म्हणून आधी ती जागा समजून घेऊ.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. सुरुवातीलाही तेवढेच, शेवटीही तेवढेच. पण सुई जसजशी आत सरकते तसतसा प्रत्येक फेरा लहान होत जातो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ पोहोचेपर्यंत ती जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. एका सेकंदाचा तेवढाच आवाज, पण निम्म्याहून कमी जागेत बसवलेला. १० हजार हर्ट्‌झच्या कंपनाची एक लाट बाहेरच्या कडेला ५१ मायक्रॉन लांब असते, तर आत फक्त २१ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून किती बारीक काम आहे ते लक्षात येईल. तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी, तबल्याच्या चाटेवरच्या ‘ना’ची धार, ‘स’ आणि ‘श’चा सूत्कार, हे सगळं अशाच बारीक लाटांमध्ये कोरलेलं असतं.

आता ख्यालाची बांधणी पाहा. आलाप, बढत, बोल, मग द्रुत, मग ताना. हलक्याफुलक्या गाण्यांची एलपी काढताना शेवटचं गाणं संथ निवडण्याची सोय असते. ख्यालात क्रम उलटा करता येत नाही. सर्वांत दाट गाणं नेमकं सर्वांत अरुंद जागी येतं. म्हणून ख्याल ऐकणाऱ्याने कार्ट्रिज निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : बाजूच्या शेवटच्या पाच मिनिटांत ही सुई काय करते?

याचं उत्तर सुईच्या टोकाच्या आकारात असतं. बोटाने बारीक नक्षी चाचपून पाहा : अंगठ्याला ती नुसती खरखरीत लागते, नखाला तिची प्रत्येक रेघ कळते. सुयांचंही तसंच आहे. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीची एटी-व्हीएम९५ ही मालिका यासाठी सोयीचं उदाहरण आहे, कारण तिच्यात बॉडी एकच आणि सुया अनेक. सर्वांत स्वस्त सुईचं टोक शंकूसारखं गोल, त्रिज्या सुमारे १५ मायक्रॉन. त्यानंतरची लंबवर्तुळाकार, खाचेच्या भिंतीला टेकणाऱ्या तिच्या कडेची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन. त्याहून वरच्या मायक्रोलिनिअर सुईची हीच कड फक्त ३ मायक्रॉनची असते. याच मालिकेत शिबाता आकाराचीही सुई मिळते. हा आकार १९७०च्या दशकात जपानमध्ये चार वाहिन्यांच्या रेकॉर्डसाठी शोधला गेला. त्या रेकॉर्डवर कानाला ऐकू न येणाऱ्या उंच कंपनांमध्येही माहिती भरलेली असे आणि साध्या सुईला ती वाचता येत नसे.

आता २१ मायक्रॉनच्या लाटेत १५ मायक्रॉन त्रिज्येचं गोल टोक घालून पाहा. ते मावतच नाही. लाटेच्या तळाला न पोहोचता ते वरून वरून घसरतं, आणि त्याचा तो चुकलेला मार्ग आपल्याला फाटलेला आवाज म्हणून ऐकू येतो.

गेल्या पावसाळ्यात मी एकाच बॉडीवर शंकूची आणि मायक्रोलिनिअर अशा दोन सुया आलटून पालटून लावल्या. खाचेवर पडणारं सुईचं वजन तेच, २ ग्रॅम. आवाजाची पातळी तीच. रेकॉर्ड किशोरीताई आमोणकरांच्या भूपाची, जिच्यात द्रुतला ‘सहेला रे’ आहे. विलंबिताच्या पहिल्या काही मिनिटांत कोणती सुई लागली आहे हे मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. द्रुतमध्ये मात्र शंका उरली नाही. शंकूच्या सुईवर तानेतले स्वर एकमेकांत मिसळत होते आणि तानपुरा मागे नुसता घुमत होता. दुसऱ्या सुईवर तानेचा दाणा न्‌ दाणा सुटा झाला, आणि तानपुऱ्याची एकेक तार छेडली जाताना कळू लागली. रेकॉर्डवर एक ओरखडा आहे. त्याची टिकटिक मात्र दोन्ही सुयांवर सारखीच राहिली. जे खाचेतून खरवडून गेलं आहे ते कोणतीही सुई परत आणत नाही.

आता दुकानदारांच्या सल्ल्याकडे येऊ. मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला चिमुकलं लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती तारांची स्थिर वेटोळी. मूव्हिंग कॉइलमध्ये उलट : वेटोळी हलतात आणि चुंबक स्थिर असतं. हलणारा भाग हलका करता येतो, हा मूव्हिंग कॉइलचा खरा गुण. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. मूव्हिंग मॅग्नेटमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात, तर बहुतेक मूव्हिंग कॉइलमधून त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे. म्हणजे प्री-ॲम्प्लिफायरही त्या ताकदीचा आणि कमी खरखरीचा हवा. दुसरं, तिची सुई घरी ओढून बदलता येत नाही. झिजली की अख्खी कार्ट्रिज बदलायची, नाहीतर कारागिराकडे द्यायची. तिसरं, तिला साजेसा आर्म, म्हणजे कार्ट्रिज पेलणारा दांडा, लागतो.

आणि मूव्हिंग कॉइल म्हटलं की सुई बारीकच, असंही नाही. डेनॉनची डीएल-१०३ ही जगातल्या सर्वांत नावाजलेल्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजपैकी एक. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसोबत ती १९६२ साली तयार झाली आणि तिच्यावर प्रेम करणारे आजही पुष्कळ आहेत. तिची सुई मात्र शंकूचीच, दाब २.५ ग्रॅम, आणि आर्म जड लागतो. तिच्या आवाजाला भरदारपणा आहे, पण तुमची तक्रार ती दूर करणार नाही. म्हणून ‘कॉइल की मॅग्नेट’ हा प्रश्न दुसरा. ‘टोक कसलं’ हा पहिला.

काहीही विकत घेण्याआधी मात्र एक संध्याकाळ आहे त्या कार्ट्रिजसाठी द्या. सुईच्या टोकावर कापसासारखा कचरा चिकटला आहे का, ते भिंगातून पाहा. मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने, हलकेच झाडा. छोट्या डिजिटल काट्यावर सुईचं वजन मोजा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त इजा करते. मग कागदी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायचा छापील तक्ता) टर्नटेबलच्या ताटावर ठेवून, कार्ट्रिजचे दोन्ही स्क्रू किंचित सैल करून, कार्ट्रिज छापलेल्या रेघांशी समांतर करा. हे करताना दिवा समोरून घ्या आणि घाई करू नका. मिलिमीटरभर चूक झाली तरी ती द्रुतमध्ये ऐकू येते, आणि सुई जितकी बारीक तितकी ही चूक तिला कमी चालते. कितीतरी घरांत फाटका आवाज एवढ्यानेच निम्मा होतो.

यानंतरही द्रुत फाटत असेल, तर सुई बदला. तुमची बॉडी व्हीएम९५ची असेल, तर जुनी सुई काढायची आणि मायक्रोलिनिअर बसवायची. डेन्मार्कच्या ऑर्टोफोनची २एम रेड असेल, तर तिच्या बॉडीवर २एम ब्लूची सुई बसते. ती रेडपेक्षा निश्चित स्वच्छ वाजते. दुसरीच एखादी कार्ट्रिज असेल, तर तिच्यासाठी बारीक टोकाची सुई मिळते का ते आधी पाहा. मायक्रोलिनिअर सुई लंबवर्तुळाकार सुईपेक्षा बरीच महाग असते, पण आयुष्य धरून हिशेब करा. ऑडिओ-टेक्निकाच्या अंदाजाप्रमाणे लंबवर्तुळाकार सुई सुमारे ३०० तास चालते आणि मायक्रोलिनिअर १००० तास. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटं धरली, तर पहिलीवर ४५० एलपी वाजतील आणि दुसरीवर दीड हजार.

तुमच्या संग्रहाला आणखी एक फायदा होण्याची शक्यता आहे. वडिलांच्या काळातल्या पेटीवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे आणि ती आजच्या दुपटीहून अधिक वजनाने खाचेवर दाबली जाई. त्या गोल सुईने भिंतीचा एक पट्टा घासला असणार. वेगळ्या आकाराची सुई भिंतीला थोडी वर-खाली टेकते, आणि काही रेकॉर्डमध्ये तिला न घासलेला भाग सापडतो. सगळ्या रेकॉर्ड सुधारतील असं मी म्हणणार नाही, पण वाया गेली म्हणून बाजूला ठेवलेली एखादी जरूर लावून पाहा.

एलपीच्या लेबलावरचा क्रमांकही वाचा. एचएमव्हीच्या ‘ईएएलपी’, ‘ईसीएलपी’ अशा अक्षरांच्या तबकड्या मोनो आहेत, तर ‘ईएएसडी’, ‘ईसीएसडी’ स्टिरिओ. मोनो तबकडी लावली की ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबा. मोनो रेकॉर्डमध्ये सुईच्या फक्त आडव्या हालचालीत गाणं असतं. उभ्या हालचालीत असते ती धूळ आणि खरखर. बटण दाबताच ती उभी हालचाल वजा होते. हा उपाय फुकट आहे.

राहिला ७८चा प्रश्न. त्या तबकड्या एलपीच्या सुईवर वाजवू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते आणि तिला सुमारे ७६ मायक्रॉन त्रिज्येचं टोक लागतं. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथला कचरा वाजवते. शिवाय लाखेच्या त्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असते. तिच्यावर तुमची महागडी सुई झिजेल. याच व्हीएम९५ मालिकेत ७८साठी एसपी नावाची कार्ट्रिज आहे, ५ ग्रॅम दाबाची. ती वेगळ्या हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या टोकाला लागणाऱ्या बैठकीवर, बसवून ठेवा, आणि बदलताना दाब पुन्हा मोजा. ७८ची सुई चुकूनही एलपीवर ठेवू नका; खाच कायमची बिघडू शकते. आणि आधी आपल्या टर्नटेबलला ७८ची गती आहे का ते बघा, कारण अनेक नव्या यंत्रांना फक्त ३३⅓ आणि ४५ असते.

माझा सल्ला असा : आधी वजन आणि कोन नीट करा. मग आहे त्या बॉडीवर मिळेल तितकी बारीक टोकाची सुई घ्या, ७८साठी वेगळी कार्ट्रिज ठेवा, आणि मूव्हिंग कॉइलचा विचार तूर्त सोडून द्या. नवी सुई बसवली त्या दिवशीची तारीख वहीत लिहा आणि वाजवलेले तास मांडत चला. झिजलेल्या सुईची धार खाचेला कापते. सुई दुकानात पुन्हा मिळेल. वडिलांच्या रेकॉर्ड मिळणार नाहीत.