एव्हरेस्टनंतरचे हिलरी : मधमाश्या पाळणारा सैनिक शाळा बांधतो तेव्हा



"एव्हरेस्टवर पहिले पाऊल कोणी ठेवले?" हा प्रश्न आपण मुलांना हमखास विचारतो. मुलेही झटकन उत्तर देतात, "एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे, २९ मे १९५३." एक गुण मिळतो आणि विषय संपतो. चौथीच्या वर्गात मात्र एका मुलीने मला विचारले, "बाई, मग खाली उतरल्यावर त्यांनी काय केलं?" मला धड सांगता आले नाही. घरी येऊन वाचले, तेव्हा कळले की आपण शिकवतो ती फक्त अर्धी गोष्ट आहे.

शेतावरचे बालपण

हिलरी यांचा जन्म २० जुलै १९१९ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. बालपण तुआकाऊ या छोट्या गावात गेले. आई शिक्षिका होती. वडील मधमाश्या पाळत. पेट्या उचलणे, मध काढणे, माश्यांचे डंख सोसणे या सगळ्यात एडमंड आणि त्याचा धाकटा भाऊ रेक्स यांचा हात असे. माध्यमिक शाळेसाठी रोज आगगाडीने ऑकलंडला जावे लागे. वर्गातल्या मुलांपेक्षा तो वयाने लहान, अंगाने किरकोळ आणि बुजरा होता. गाडीत पुस्तक वाचणे हाच त्याचा विरंगुळा. पुढे कॉलेजही अर्धवट सुटले आणि तो पुन्हा मधाच्या व्यवसायात आला. "हा पुढे काय करणार?" असे आपण ज्यांच्याबद्दल सहज म्हणून जातो, त्यांतलाच हा एक मुलगा!

युद्ध

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी हवाई दलासाठी अर्ज केला, पण मनाला पटेना म्हणून मागे घेतला. नंतर मात्र ते भरती झाले आणि पाण्यावर उतरणाऱ्या कॅटालिना विमानांवर नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग ठरवणारे, म्हणून काम करू लागले. १९४५ मध्ये सॉलोमन बेटांजवळ त्यांच्या मोटारबोटीला आग लागली. गंभीर भाजलेल्या अवस्थेत पोहत त्यांनी किनारा गाठला. त्यानंतर आठ वर्षांनी हाच माणूस एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा होता.

एक साधा प्रश्न

१९६०-६१ च्या मोहिमेत हिलरी एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या खुंबू भागात होते. आपल्यासोबत ओझी वाहणाऱ्या, जीव धोक्यात घालणाऱ्या शेर्पांसाठी काय करता येईल, असे त्यांनी तिथल्या लोकांनाच विचारले. उत्तर आले : आमच्या मुलांसाठी शाळा हवी.

मला इथेच थांबावेसे वाटते. त्यांनी "यांना काय हवे ते मला ठाऊक आहे" असे धरून चालले नाही. आधी विचारले, मग ऐकले.

१९६१ मध्ये सुमारे ३,७९० मीटर उंचीवरच्या खुमजुंग गावात शाळा उभी राहिली. ॲल्युमिनियमची इमारत कलकत्त्याच्या एका कंपनीने दिली होती. पहिले शिक्षक दार्जिलिंगहून आले. मग आसपासच्या गावांनीही शाळेची मागणी केली. १९६३ मध्ये थामे आणि पांगबोचे येथे शाळा झाल्या. हिलरी स्वतः हातोडी घेऊन छपरावर चढत. रेक्स तर व्यवसायानेच घरे बांधणारा, तोही मदतीला येई. गावकरी दगड आणि लाकूड वाहून आणत.

बांधकामाचे सामान पोचावे म्हणून १९६४ मध्ये लुकला येथे धावपट्टी केली. जमीन भुसभुशीत होती. मग शेर्पांनी हातात हात घालून त्यावर नाच केला आणि माती दाबून घट्ट केली! ही गोष्ट मुलांना फार आवडते. १९६६ मध्ये खुंडे येथे रुग्णालय झाले.

सर्वांत कठीण चढण

३१ मार्च १९७५. हिलरी फाफलू येथे रुग्णालय बांधत होते. त्यांना भेटायला निघालेली पत्नी लुईझ आणि धाकटी मुलगी बेलिंडा काठमांडूजवळच्या विमान अपघातात गेल्या. हिलरी पार खचले. त्या दुःखातून बाहेर यायला त्यांना फार काळ लागला. पण काम सोडले नाही, फाफलूचे रुग्णालय पूर्ण झाले. पुढे १९८५ ते १९८९ या काळात ते दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते, तेव्हाही नेपाळचे काम चालूच राहिले. ११ जानेवारी २००८ रोजी ते गेले, तोवर त्यांच्या हिमालयन ट्रस्टने पंचवीसहून अधिक शाळा उभारल्या होत्या.

खुमजुंग शाळेत शिकलेला मिंग्मा नोर्बू शेर्पा पुढे सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा प्रमुख झाला. ज्या डोंगरावर त्याच्या आधीच्या पिढीने ओझी वाहिली, त्याच डोंगराची राखण त्याच्याकडे आली. दोन खोल्यांच्या शाळेने काय होते, ते यातून दिसते.

वर्गात आणि घरी हे करून पाहा

१. हिलरींच्या आयुष्याची कालरेषा काढा. १९५३ नंतरची जागा किती मोठी आहे, ते मुलांनाच बघू द्या.
२. नकाशावर ऑकलंड, सॉलोमन बेटे, काठमांडू आणि दिल्ली शोधा.
३. चर्चा : "तेनसिंग आणि इतर शेर्पांशिवाय हिलरी वर पोचले असते का?"
४. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका व्यक्तीला विचारावे, "मी तुमच्यासाठी काय करू?" आणि सांगतील ते एक काम करून यावे.

चौथा उपक्रम मी करून घेतला. एका मुलाच्या आजीने सांगितले होते, "काही नको रे, नुसता जवळ बस." तो बसला. एव्हरेस्टचा प्रश्न परीक्षेत येईल तेव्हा येवो, धडा मात्र त्या दिवशी शिकून झाला.