कथेचा आरंभ

व्रताची कहाणी सांगणाऱ्या आजीने ‘आटपाट नगर’ असे म्हणताच मुले सावरून बसत. पुढे काय येणार हे त्यांना बहुधा ठाऊक असे. तरीही ती ऐकत, कारण सांगणारी व्यक्ती समोर असे. तिचा आवाज, तिचे मध्येच थांबणे, तिची नजर श्रोत्यांना धरून ठेवी. छापील कथेच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. १८९५ मध्ये का. र. मित्र यांचे ‘मनोरंजन’ निघाले. अशा नियतकालिकांतून मराठी कथा घरात आली, पण त्याचबरोबर वाचकाला पान उलटून पुढे जाण्याची मोकळीकही मिळाली. त्याला थांबवण्याचे काम पहिल्या वाक्याकडे आले.

प्रौढ वयात साक्षर झालेल्या आपल्या आईवर एका विद्यार्थ्याने कथा लिहावयास घेतली आहे, अशी कल्पना करावी. आरंभ असा आहे :

‘आमचे गाव डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. गावात एक शाळा, एक देऊळ व एक बँक आहे.’

भाषेच्या दृष्टीने यात चूक नाही. मात्र डोळ्यांपुढे गावाचा नकाशा येतो, माणूस येत नाही. आता हे वाक्य पाहावे :

‘त्या दिवशी आईने बँकेत अंगठा उमटवण्यास नकार दिला.’

‘त्या दिवशी’ या दोनच शब्दांनी इतर दिवस वेगळे होते हे कळते; आजवर ती मुकाट्याने अंगठा उमटवीत आली होती. ‘नकार’ म्हटले की समोर कोणीतरी आले. तिला सही करता आली का? हात थरथरला का? मागे रांगेत उभे असलेले लोक काय म्हणाले? वाक्यात एकही प्रश्न विचारलेला नाही, तरी वाचकाच्या मनात ते उभे राहतात. डोंगर आणि देऊळ मागाहून येतील. शाळा तर यावीच लागेल.

नवशिक्या लेखकास तिसराच आरंभ अधिक आवडतो :

‘त्या दिवशी बँकेत जे घडले, ते ऐकून अंगावर काटा येईल!’

उत्सुकता येथेही वाढते. परंतु पुढे केवळ एक सही आली, तर वाचकास फसल्यासारखे वाटते. मग ज्या सहीसाठी आईने वर्षभर पाटीवर अक्षरे गिरवली, तीच क्षुल्लक ठरते.

धक्का देणारा आरंभ वर्ज्य आहे, असे नव्हे. फ्रान्झ काफ्का यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘रूपांतर’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या जर्मन कथेत नायक पहिल्याच वाक्यात किडा होऊन जागा होतो. काफ्का हे अगदी शांतपणे सांगतात, आणि पुढची सारी कथा त्या एका घटनेचेच परिणाम भोगते.

आरंभ सर्वांत आधी सुचलाच पाहिजे, असेही नाही. पुष्कळदा तो दुसऱ्या वा तिसऱ्या परिच्छेदात दडलेला सापडतो. त्याआधीचा मजकूर कितीही कष्टाने लिहिलेला असला, तरी तो खोडावा लागतो.

पाठगत प्रश्न

१. ‘त्या दिवशी’ हे शब्द वगळल्यास दुसऱ्या आरंभातून काय हरवते?
२. याच कथेचा आरंभ बँकेतील कारकुनाच्या दृष्टीने एका वाक्यात लिहा.