घोरणे, थांबणारा श्वास आणि थकलेले हृदय

"बाबा घोरताहेत, म्हणजे गाढ झोप लागली," असे आपण घरोघरी समाधानाने म्हणतो. हा समज नेहमीच खरा नसतो. हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. म्हणून हा विषय आम्ही सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडत आहोत.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी पडते, दम लागतो, पायांवर सूज येते. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबणे. निदान 10 सेकंदांचा खंड यात मोजतात. तासाला 30 हून अधिक वेळा श्वास थांबत वा उथळ होत असेल, तर आजार तीव्र समजतात.

याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात घसा आतून मिटतो. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, रक्तदाब चढतो व हृदयावर रात्रभर ताण पडतो. दुसऱ्यात मेंदूकडून श्वासाची आज्ञाच काही क्षण सुटत नाही. हा प्रकार बहुधा हृदय थकल्यामुळे उद्भवतो. श्वास वाढत जातो, मंदावतो, थांबतो व पुन्हा सुरू होतो. या श्वसनाचे वर्णन जॉन चेन यांनी 1818 साली व विल्यम स्टोक्स यांनी 1854 साली केले. थोडक्यात, श्वासाचा आजार हृदयाला थकवतो आणि थकलेले हृदय श्वास बिघडवते.

उपचार आहेत. 1981 साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवण्याची सीपॅप पद्धत मांडली. परंतु सर्वांना एकच यंत्र चालत नाही. दुसऱ्या प्रकारचा श्वासरोध व हृदयाची बरीच घटलेली शक्ती असलेल्या रुग्णांत एका वेगळ्या यंत्रामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे 2015 साली सर्व्ह-एचएफ या अभ्यासात दिसले. म्हणून शेजाऱ्याचे यंत्र मागून आणू नये. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दारू तर टाळावीच.

रुग्णाला स्वतःचा थांबलेला श्वास कळत नाही. तो घरच्यांनाच दिसतो. दिवसा डुलक्या, सकाळी डोकेदुखी, रात्री गुदमरून उठणे ही लक्षणे लिहून ठेवा व डॉक्टरांना सांगा. झोपेची तपासणी करावी लागेल का, ते विचारा. आपले एक रात्रीचे जागरण घरातील माणसाचे आयुष्य वाढवू शकेल, असे आम्हांस वाटते.